वांग्यावरची हिरवी टिकली

(मुलांनो, जुळे सोलापुरातली एक चार मजली पिवळी इमारत डोळ्यांसमोर आणा. शनिवारची सकाळ आहे, शाळेला सुट्टी. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघं बसलीत: पाचवीतली संस्कृती आणि माळशिरसहून लेकीकडे राहायला आलेले तिचे आजोबा, जोतीराम. दोघांच्या मध्ये एक सुरकुतलेलं वांगं आणि एक बंद कंपासपेटी. आता कान द्या.)

आजोबा: नुसतं बघू नकोस त्याच्याकडं. डोळे मिट आणि समज, तू वांगं आहेस.

संस्कृती: मला वांगं आवडत नाही, आजोबा.

आजोबा: खायचं कुठं आहे? व्हायचंय. मिटलेस? आता तू झाडाला लोंबतेस. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. आणि भूक लागली. काय करशील?

संस्कृती: झाडाला सांगेन.

आजोबा: झाड कुणाला सांगेल?

संस्कृती: मुळांना. मुळं मातीला सांगतील. आमच्या सायन्सच्या पुस्तकात आहे.

आजोबा: आणि माती?

संस्कृती: मातीच्या खाली कोण असतं?

आजोबा: खाली कशाला जातेस, वर बघ की. शेतकरी उभा असतो. त्याच्याजवळ दोन डबे. एका डब्यात शेण, पालापाचोळा, मेंढरांच्या लेंड्या. ते मातीत पडतं, कुजतं, गांडुळं त्याचा चुरा करतात आणि झाडाला सावकाश मिळत राहतं. दुसऱ्या डब्यात कारखान्यातून आलेलं पांढरं खत. साखरेसारखं दिसतं. टाकलं, पाणी दिलं, की आठ दिवसांत झाड हिरवंगार.

संस्कृती: म्हणजे पहिला डबा भाकरी-भाजीचा आणि दुसरा दोन मिनिटांच्या नूडल्सचा.

आजोबा: तसंच काहीसं. नूडल्सनं पण पोट भरतं. पण रोज सकाळ-संध्याकाळ तेच खाल्लं तर?

संस्कृती: आई ओरडते.

आजोबा: मातीच्या वतीनं ओरडायला कुणी नसतं. बरं, अजून डोळे उघडू नकोस. आता तुझ्या देठातनं एक बारीक अळी आत शिरली.

संस्कृती: ई. मी डोळे उघडणार.

आजोबा: शेतकऱ्याला पण असंच वाटतं. तो कडुनिंबाच्या निंबोळ्या कुटून त्यांचं पाणी शिंपडू शकतो, किडकी फळं वेचून टाकू शकतो. किंवा दुकानातनं विषारी औषध आणून पाठीवरच्या पंपानं फवारतो. पांढरं खत नाही, विषारी फवारा नाही, अशा रीतीनं जे पिकवलं, ते ऑर्गेनिक. आमच्याकडं सेंद्रिय म्हणतात.

संस्कृती: पण आई जाते त्या काचेच्या दारांच्या दुकानात ऑर्गेनिक म्हणजे वेगळंच असतं. सगळं धुतलेलं, एकसारखं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. आणि तिप्पट महाग. मला वाटायचं, धुवायचेच पैसे घेतात.

आजोबा: धुणं वेगळं आणि पिकवणं वेगळं. ऑर्गेनिक वांगं चिखलाचं असू शकतं, वाकडं असू शकतं, त्याला भोकही असू शकतं.

संस्कृती: तुम्ही तुमच्या शेतातला ऊस ऑर्गेनिक पिकवायचात का?

आजोबा: मी? पस्तीस वर्षं पोत्यानं पांढरं खत ओतलं उसाला. शेजाऱ्याची पाच पोती, तर माझी सहा. माती शेवटी अशी झाली की नांगर लावला तर दगडासारखी ढेकळं निघायची. तेव्हा कळलं. म्हणून तुला सांगतोय, चांगलं करत होतो म्हणून नाही.

संस्कृती: आईला माहिती आहे हे?

आजोबा: तीच तर ती पोती मोजायची लहानपणी. उघड आता डोळे. या वांग्यावर काय चिकटलंय?

संस्कृती: स्टिकर.

आजोबा: आपली भाजीवाली केराबाई त्याला टिकली म्हणते. सकाळी दुधाला गेलो तर ती गेटच्या बाहेर कडुनिंबाखाली भाजीची बुट्टी घेऊन बसलेली. गुरु वॉचमननं आत सोडलं नाही. त्याला सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वैजयंतीबाईंचा निरोप आहे म्हणे. केराबाई खोट्या टिकल्या लावून ऑर्गेनिक म्हणून भाजी विकते, असा.

संस्कृती: ग्रुपवर टाकलंय काकूंनी. फोटोसकट. आईनं वाचून दाखवलं.

आजोबा: हे वांगं बुधवारचं आहे. तीन दिवस तिनं पदरात बांधून ठेवलं होतं. मला म्हणाली, अण्णा, ह्यावर काय लिवलंय तेवडं वाचून दावा. वैजयंतीबाई नुसत्या रागावल्या, काय लिहिलंय ते कुणी सांगितलंच नाही तिला.

संस्कृती: तुम्ही दाखवलंत?

आजोबा: चष्मा घरी राहिलाय म्हणालो.

संस्कृती: चष्मा तर तुमच्या खिशातच असतो.

आजोबा: असतो. म्हणून वांगं नीट बघितलं. तर टिकलीच्या कडेला काहीतरी चमकतंय. गोंद आहे, आत चंदेरी चमकी असलेला. मला कोडं पडलं, केराबाई चमकीचा गोंद कुठून आणत असेल?

(संस्कृती कंपासपेटी आपल्याकडे ओढून घेते.)

आजोबा: कंपासपेटी मी उघडणार नाही. तुझी आहे ती.

संस्कृती: दुकानाच्या भाज्यांवरचे काढून ठेवलेत मी. आधी सव्वीस होते. काढल्यावर चिकटत नाहीत, म्हणून गोंद लावला.

आजोबा: आणि बुधवारी किती लावलेस?

संस्कृती: सतरा. केरामावशी चौथ्या मजल्यावर भाजी द्यायला गेल्या तेव्हा बुट्टी जिन्याखाली होती. वांग्यांना लावले, दुधी भोपळ्याला लावले. तांदूळजाला लावताच येईना.

आजोबा: कशासाठी गं बाळा?

संस्कृती: आईनं त्यांच्याकडून घेणं बंद केलं ना. आपल्या छोट्या दिग्विजयचं उष्टावण झालं त्या दिवसापासून. आता त्याला फक्त ऑर्गेनिक द्यायचं, आणि केरामावशींच्या भाजीवर स्टिकर नसतो. बाबा म्हणाले, एवढं महाग सगळ्यांना परवडायचं नाही. दिग्विजय ऑर्गेनिक खाईल आणि आपण त्याच्याकडे बघू. पण आई मावशींकडून काहीच घेईना. तरी त्या आमच्या दारावर थांबून मला काकडी द्यायच्या आणि आईला दिसायच्या आत पुढे जायच्या.

आजोबा: म्हणून केराबाईला टिकली मिळवून दिलीस.

संस्कृती: स्टिकर असला की आई घेईल असं वाटलं. काकू आधी घेतील, हे वाटलं नव्हतं.

आजोबा: हे बघ. वांगं कापून बघ, हुंगून बघ, त्याला कोणत्या डब्यातलं जेवण मिळालं ते कळत नाही. म्हणून कुणीतरी शेतावर जातं. दोन-तीन वर्षं बघतं. खत कुठलं, फवारा कुठला, शेजारच्या रानातनं काय वाहून येतं. मग सांगतं, होय, मी बघितलंय. ती टिकली म्हणजे एवढंच, कुणीतरी दिलेला शब्द. आता तू सांग, केराबाईचं रान कुणी बघितलं होतं?

संस्कृती: कुणीच नाही. पण त्यांची भाजी चांगली असते.

आजोबा: असेल. विचारलंस कधी?

संस्कृती: नाही.

आजोबा: दहापर्यंत बसते, असं गुरुला सांगितलंय तिनं. दहानंतर उठून जाणार, आणि पुन्हा या कॉलनीत यायचं नाही म्हणतेय.

संस्कृती: कुठलीच भाजी नाही आणणार?

आजोबा: जिथं मला खोटी म्हटलं तिथं पाय कशाला ठेवू, असं म्हणाली. मी काही तुला ओढून नेणार नाही.

संस्कृती: तुम्ही माझ्याबरोबर याल का पण?

आजोबा: चपला घाल. आणि जिन्यात पळू नकोस, माझे गुडघे तुझ्याइतके ऑर्गेनिक नाहीत.

(दोघं खाली गेटबाहेर, कडुनिंबाखाली येतात.)

केराबाई: या अण्णा. आणि ह्यी कोन, आमची काकडीवाली बाय व्हय? बस बारदानावर. ऊन लागंल.

संस्कृती: मी उभीच राहते.

केराबाई: का गं? तोंड का उतरलंय? आई रागावली?

आजोबा: केराबाई, चष्मा आणला नाही मी. पण वाचणारी आणलीय.

केराबाई: बरं झालं. वाच बाय. दोन अक्षरं मला आली आस्ती तर ह्यो ताप न्हवता. काय लिवलंय त्येवर?

संस्कृती: इंग्लिशमध्ये लिहिलंय, ऑर्गेनिक. म्हणजे... ज्याला पांढरं खत टाकलं नाही आणि औषध फवारलं नाही असं.

केराबाई: आगं पर ह्या वांग्याला मी औषद मारल्यालं हाय की.

संस्कृती: मारलंय?

केराबाई: दर पंधरा दिसाला मारतीया. म्हंजे वैजयंतीबाई खरंच म्हनत हुत्या. टिकली खोटीच हाय. मी आपली म्हनत हुते, बाई, पोराटोरांनी शोभंला लावली आसंल, त्यात काय एवडं. त्यास्नी वाटलं मी हसण्यावारी न्हेते. पंदरा वर्सं येतीया मी हितं. वजनात कदी बोट लावलं न्हाय. आन् त्या दिवशी जिन्यात चार बायकांम्होरं म्हनल्या, केराबाई, तू फसवलंस.

संस्कृती: पोराटोरांनीच लावली होती.

केराबाई: काय म्हनलीस?

संस्कृती: मी लावली, मावशी. सतरा लावल्या. तुम्ही वर गेला होता तेव्हा. आईनं तुमच्याकडून पुन्हा घ्यावं म्हणून.

केराबाई: तू लावलीस व्हय गं?

आजोबा: केराबाई, तिला बोला तुम्ही. मी मध्ये पडणार नाही.

केराबाई: काय बोलू. लेकराला चांगलंच वाटलं आसंल की. पर पोरी, तुजी टिकली बगून तुज्या आईनं हे वांगं त्या बारक्याला कुस्करून घातलं आस्तं तर?

संस्कृती: त्याला दोनच दात आहेत.

केराबाई: म्हनूनच म्हनतीया. आठरा दिस काचंच्या पेटीत ठिवलं हुतं त्याला. तवा तुजी आई दवाखान्यात आन् तू माज्याजवळ ह्याच बारदानावर बसायचीस, शेंगा सोलत. ती जपती ते बराबरच हाय. मला इचारलं आस्तं तर मीच सांगितलं आस्तं, वांगं नगं घिऊ बारक्याला.

संस्कृती: मग तुम्ही औषध मारता कशाला?

केराबाई: न्हाय मारलं तर निम्मी किडत्यात. किडकं वांगं तुजी आई घिती का? तू तर आळी बगून वरडतीस.

संस्कृती: आजोबांनी सांगितलं तुम्हाला?

केराबाई: मला कशाला सांगाय पायजे. लहानपणी बगितलंय की तुला.

आजोबा: सगळ्याच भाजीला मारता का, केराबाई?

केराबाई: छ्या. औषदाला पैका कुटनं आणू? वांगं आन् दुधी, ह्या दोनालाच. बाकीचं रान येगळंच हाय. माजा भाऊ बिरप्पा, मेंढरं राखतो. दर उन्हाळ्यात त्येची मेंढरं माज्या रानात बसवतीया मी.

संस्कृती: मेंढरं बसवता म्हणजे? खुर्चीवर?

केराबाई: हसू नगं. दोनशे मेंढरं रातच्याला रानात वाघर लावून कोंडायची. जाळ्याचं कुंपन म्हन की. रातभर तितंच लेंड्या, तितंच मूत. दुसऱ्या दिशी वाघर उचलायची आन् फुडच्या तुकड्यात लावायची. आट दिसांत सगळं रान फिरून हुतंय. मग वर्सभर दुसरं खत लागत न्हाय. तांदूळजा, आंबाडी, गवार, तांबडा भोपळा, आन् बांदावरचा शेवगा. ह्याला मी कायबी मारत न्हाय.

संस्कृती: मग त्याला तर खरा स्टिकर मिळेल ना, आजोबा?

आजोबा: एकटीला अवघड. पाच-सात शेतकऱ्यांनी गट केला, एकमेकांची रानं बघितली, वह्या ठेवल्या, तर कमी खर्चात मिळू शकतो. वेळ लागतो.

केराबाई: गट कोन करनार? माजा शेजारी गुंडा, त्येची द्राक्षाची बाग हाय. त्यो ट्रॅक्टरनं फवारतो. वारं सुटलं की माज्या बांदावर येतंय ते. म्हनून सांगते, त्येच्या अंगाच्या चार वळी सोडून बाकीचं. त्या चार वळींची खात्री मी देत न्हाय.

संस्कृती: हे नसतं सांगितलं तरी मला कळलं नसतं.

केराबाई: मला तर ठाव हाय न्हवं.

आजोबा: संस्कृती, दिग्विजय सध्या काय काय खातो गं?

संस्कृती: तांबडा भोपळा शिजवून. मुगाचं पाणी. आणि ज्वारीची पेज, काचेच्या दुकानातल्या पाकिटातली.

आजोबा: पाकिटातली? माळशिरसहून मी पोतं आणलंय ना. कोरडवाहू ज्वारी, काळ्या मातीतली. तुझा मामा ती थंडीच्या आधी पेरतो आणि थंडी सरता काढतो, मध्ये काही घालतच नाही.

संस्कृती: त्यावर पण स्टिकर नाही. मामा म्हणाला म्हणून आई थोडीच ऐकेल.

आजोबा: विचारून तर बघू दे तिला. तिनं मामाला विचारलं नाही, केराबाईला विचारलं नाही. मी तरी कुठं सांगितलं. सगळंच ऑर्गेनिक घ्यायचं म्हटलं की खिसा फाटतो. पण लेकरू खातं तीन वस्तू. त्या तीन कुठून येतात एवढं माहीत असलं तरी पुष्कळ. बाकीचं मीठ-पाण्यात नीट धुवायचं आणि हंगामातलं खायचं.

केराबाई: भोपळा आज हाय बगा. मदल्या वळीतला.

आजोबा: दहा वाजत आले, केराबाई.

केराबाई: व्हय. बुट्टी उचलायला हात द्या जरा.

संस्कृती: थांबा मावशी. पाच मिनिटं. त्या खोक्याचा पुठ्ठा मला फाडून द्याल? स्केचपेन आहे माझ्या कंपासमध्ये.

केराबाई: आता आनिक काय चिकटवतीस?

संस्कृती: चिकटवत नाही, लिहिते. तुम्ही सांगा. मोठ्या अक्षरात लिहिते, मराठीत. 'वांगी, दुधी: औषध मारलेलं आहे.' कधी मारलं होतं?

केराबाई: गेल्या रईवारी न्हाय, त्येच्या आदल्या. आसं लिवलं तर कोन घील माजी वांगी?

आजोबा: मी घेईन. मला भरलं वांगं लागतं, आणि माझ्या पोटात आधीच सहा पोती आहेत.

संस्कृती: 'तांदूळजा, अंबाडी, गवार, तांबडा भोपळा, शेवगा: मेंढ्यांच्या खतावर. फवारा नाही.' बरोबर?

केराबाई: गुंडाच्या अंगाच्या चार वळी सोडून. ते बी लिव.

संस्कृती: जागा कमी आहे, मावशी. एवढं कोण वाचतंय.

केराबाई: बारीक लिव, पर लिव.

संस्कृती: 'शेजारच्या बागेकडच्या चार ओळी सोडून.' झालं. आता आणखी एक ओळ.

आजोबा: आता कोणती राहिली?

संस्कृती: वाचते. 'बुधवारचे स्टिकर केरामावशींनी लावले नव्हते. मी लावले. संस्कृती, तिसरा मजला.'

केराबाई: ते नगं गं. खोड ते. सगळ्या बिल्डिंगीत नाव हुईल तुजं. लेकरू हाईस तू, मी काय मनात धरलं न्हाय.

संस्कृती: तुम्हीच म्हणालात ना, चार ओळी पण लिहायच्या.

केराबाई: अण्णा, तुमी तरी सांगा की तिला.

आजोबा: मला आता खरंच चष्मा लागलाय, केराबाई. थांबा, डोळे पुसू द्या.

केराबाई: बरं मग बुट्टीला टेकवून ठिव तो पुट्टा. आगं, घिऊन कुटं निगालीस?

संस्कृती: दुसऱ्या मजल्यावर. वैजयंतीकाकू गॅलरीत उभ्या आहेत, पण एवढ्या लांबून त्यांना दिसायचं नाही. मी जाऊन वाचून दाखवते. तोवर बुट्टी उचलू नका, मावशी.